अप्पाकाकांच्या माशांचं पाणी

नाही, आधी बसा सगळे. रंजिता, तू चहा घेऊनच बस, कारण हे मी एकदाच सांगणार आहे आणि मधे थांबले तर पुढे सांगता येणार नाही मला. आणि महांतेश, तू मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत, वायफायचा भाग येणारच आहे, तो खास तुझ्यासाठी नीट सांगते.

तर अप्पाकाका. म्हणजे अप्पासाहेब, माझ्या बाबांचे मोठे भाऊ. चामराजपेटेतलं आमचं घर तुम्ही पाहिलंय ना, खाली काका आणि सोयराकाकू, वर आम्ही. चिकपेटेत त्यांचं कड्याकोयंड्यांचं दुकान होतं, ते बंद केलं आणि मग माणूस जो त्या माशांत शिरला तो शिरलाच. मूलबाळ नाही त्यांना. आता हे मी मधेच का सांगितलं असं वाटेल, पण सांगायला लागतं.

डिस्कस नावाचा मासा असतो, माहितीये का कुणाला? ताटलीसारखा गोल आणि चपटा. समोरून बघितला तर नुसती एक उभी रेघ, आणि वळला की एवढी मोठी लाल-निळी ताटली. काकांकडे त्यांची एक जोडी होती. पुढच्या खोलीत, स्वयंपाकघर आणि बैठक यांच्या मधे, भिंत असावी तशी ती टाकी. हे मासे फार नाजूक. पाणी गरम लागतं, एकोणतीस-तीस डिग्री, आणि नळाचं पाणी थेट चालत नाही, त्यात औषध असतं ना. म्हणून काका मोरीशेजारी एक निळा ड्रम भरून ठेवायचे, त्यात हवा सोडायची, दिवसभर मुरवायचं आणि मग ते पाणी माशांना. काकू म्हणायची, मला लग्न करून आणलं तेव्हा एवढं विचारलं नव्हतं की बाई तुला कुठलं पाणी मानवतं.

ती जोडी अंडी घालायची आणि स्वतःच खाऊन टाकायची. दर खेपेला. काका दोन दिवस तोंड पाडून बसायचे. काकू म्हणायची, अहो, कुणाकुणाच्या नशिबात नसतं. 

तर काकांच्या छातीत पाणी झालं. हार्ट नीट काम करत नव्हतं. अॅडमिट केलं, आणि डॉक्टरांनी त्यांचं पिण्याचं पाणीच बांधून दिलं. दिवसाला एवढंच, घोट घोट. मी भेटायला गेले तर ओठ सुकलेले, नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि पहिलं वाक्य काय, तर, "हर्षी, ते खोकं उघड."

"कुठलं खोकं काका?"

"कंट्रोलर गं. कपाटावर आहे बघ. अंडी फुटलीत."

मला वाटलं औषधांमुळे काहीतरी बोलतायत. पण नाही. अॅम्ब्युलन्स दारात आली तेव्हा हा माणूस टाकीसमोर वाकून बघत होता म्हणे. या खेपेला जोडीने अंडी खाल्ली नव्हती. पिल्लं बाहेर आली होती, अंडी घालायला ठेवलेल्या टोकदार मातीच्या भांड्याला चिकटून नुसती शेपट्या हलवत होती.

"आता दोन-तीन दिवसांत सुटतील," काका म्हणाले. एकेक वाक्य बोलायला त्यांना दम लागायचा. "सुटली की आईबापाच्या अंगाला लागतात. अंगावर एक साय येते गं त्यांच्या. ती खातात. आई पण देते, बाप पण देतो. ती एकदा लागली की जगली. मला स्वल्प बघायचंय."

बस्स, एवढंच. मला स्वल्प बघायचंय. आता सांगा, काय करणार तुम्ही?

तो कंट्रोलर त्यांनीच कधीतरी मागवलेला. छोटी डबी असते, त्यातून पाण्यात एक वायर जाते, ती तापमान सांगते, हीटर चालू-बंद करते. वरती खाणं टाकायची एक डबी फिरते. आणि सोबत कॅमेरा. सगळं वायफायला जोडायचं की जगात कुठेही बसून फोनवर दिसतं. काकांनी आणला आणि वापरलाच नाही, कारण पाण्यात बोट घातल्याशिवाय माशांचं खरं कळत नाही असं त्यांचं म्हणणं.

मी शनिवारी सकाळी बसले. मला वाटलं दहा मिनिटांचं काम, आपण काय, कोड लिहितो दिवसभर. बटण दाबून धरलं, निळा दिवा लुकलुकला, फोनवर कंट्रोलरचं स्वतःचं वायफाय दिसलं, त्याला जोडलं, मग अॅप म्हणतं घरच्या नेटवर्कचं नाव निवडा. निवडलं. पासवर्ड घातला. गोल गोल फिरलं, फिरलं, आणि लाल. जोडता येत नाही. परत. लाल. परत. लाल.

काकू मागे उभी, हातात पळी. "काय म्हणतंय?"

"ओळखत नाही म्हणतंय."

"मग ह्यांचं नाव सांग की त्याला. घर ह्यांचं, टाकी ह्यांची. ओळखत नाही म्हणजे काय!"

महांतेश, तुला कळलं असेल, गालातल्या गालात हसू नकोस. आमचा राउटर वायफायचे दोन्ही बँड, म्हणजे जलद आणि सावकाश दोन्ही लहरी, एकाच नावाने सोडत होता, आणि हे असले डबे फक्त जुन्या, सावकाश बँडवरच चालतात. मला हे कळायला दुपार झाली. मग राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले, दोन्हीची नावं वेगळी केली, आणि तिकडे काकूचा टीव्ही बंद पडला. "अय्यो हर्षी, ती आत्ता विष पिणार होती!" सिरियलमधली. मी म्हटलं, काकू, थांबेल ती, पिणार नाही तुझ्याशिवाय.

तरीही लागेना! लागायचं आणि तुटायचं. मग डोक्यात आलं की राउटर टाकीच्या बरोब्बर मागच्या कोनाड्यात आहे, आणि मधे एवढं पाणी. पाण्यातून वायफाय जात नाही नीट. राउटर हलवायला पाहिजे, पण वायर तेवढीच, आणि वायर पोचेल अशी जागा घरात एकच. देवाची फळी.

 मी नुसतं वर बघितलं. काकूने पण वर बघितलं. ही बाई, जी आम्हाला अंघोळ केल्याशिवाय त्या फळीच्या सावलीत उभं राहू देत नाही, ती स्टुलावर चढली, गणपती सरकवला, अंबाबाई सरकवली, समईला जरा बाजूला घेतलं, आणि म्हणाली, "ठेव. देव काय म्हणायचा नाही. त्यांनाच सांगायचंय ना आपल्याला, जोडून दे म्हणून."

आणि लागलं. हिरवा दिवा.

मी काकांना फोन केला, त्यांच्या फोनमध्ये अॅप मी आधीच घालून दिलं होतं. "काका, बघा."  तिकडून आवाज आला, "हीटर अर्धा डिग्री कमी कर, चढलंय." मी रडू की हसू! मग त्यांनी स्वतःच खाण्याचं बटण दाबलं असणार, कारण टाकीवरची डबी घर्रर करून फिरली आणि काकू ओरडली, "अगं बाई, ह्यांनी घातलं! तिथनं घातलं!"

मग तिने काय केलं सांगू? कॅमेरा टाकीच्या बैठकीकडच्या बाजूला. ही स्वयंपाकघराच्या बाजूने गेली, आणि काचेच्या पलीकडे उभी राहिली. म्हणजे काकांना फोनवर मासे, आणि माशांच्या मागे, पाण्यातून, काकू. तिचे गुडघे गेलेत ना, दवाखान्यात रोज जाता येत नव्हतं. म्हणून मग रोज हेच. सकाळी उठली की पदर नीट करून पलीकडे उभी. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. ती नुसती हात करायची. एकदा भाकरी दाखवली. एकदा नुसतीच उभी राहिली बराच वेळ, मी जिन्यातून बघितलं आणि परत वर गेले.

आणि पिल्लं सुटली. सकाळी सकाळी काकांचा फोन, बोलताच येत नाही त्यांना, नुसतं, "हर्षी... लागली... लागली बघ..." मी चपला न घालता खाली धावले. मोठ्या माशाच्या अंगावर, दोन्ही बाजूंनी, बारीक बारीक काळे ठिपके. मिरीची पूड टाकल्यासारखे. ठिपके हलतायत, खातायत. मग त्या माशाने अंग झटकलं, आणि सगळी पिल्लं तिकडून दुसऱ्या माशाच्या अंगावर. जसं काही म्हणाला, घे, आता तुझी पाळी. काकू माझा दंड धरून उभी होती. फोन चालूच होता. पलीकडून फक्त ऑक्सिजनचा आवाज येत होता.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी काका गेले. सकाळी. बाबा होते जवळ.

थांब, ठीक आहे मी. रंजिता, दे पाणी. सांगते.

काकांना घरी आणलं. बैठकीत, टाकीसमोरच खाली ठेवलं, दुसरी जागाच नाही. चिकोडीहून रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटे गोजराआत्या आली, काकांची मोठी बहीण. हिने काकांना कडेवर घेऊन वाढवलेलं, आई लवकर गेली होती ना त्यांची. ती आली, काकांच्या डोक्याशी बसली, एकदाच मोठ्याने ओरडली, आणि मग उठली आणि कामाला लागली. तशीच आहे ती. कुणाच्याही घरी कुणी गेलं की गोजराआत्या पाहिजे. काय कुठे ठेवायचं, कुणी कुठे बसायचं, कडेला काय, डोक्याशी काय, सगळं तिला माहीत. आम्ही सगळे नुसते बाहुल्यांसारखे, आत्या म्हणेल ते.

मी स्मशानात गेले. बायकांनी अडवलं, पण बाबा म्हणाले येऊ दे तिला, अण्णाला दुसरं कोण आहे. बाबांनीच सगळं केलं.

आता एक गोष्ट. तुमच्याकडेही असेल, महांतेश, तुमच्याकडे नक्की असणार. माणूस घरातनं नेला की मागे राहिलेल्या बायका घर धुतात. आणि घरात भरलेलं सगळं पाणी ओतून टाकतात. हंडे, कळशी, माठ, फ्रीजमधल्या बाटल्या, सगळं. मयताच्या घरातलं पाणी ठेवायचं नाही. नवीन भरायचं. हो ना? मान हलवतोयस बघ. मला माहीत नव्हतं असं नाही, आजीच्या वेळी बघितलेलं. पण त्या वेळी घरात टाकी नव्हती.

स्मशानात आम्ही सगळे बाकावर बसलो होतो आणि माझा फोन वाजला. वाजला म्हणजे तो टूं टूं आवाज, अॅपचा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बंद करायला काढला तर त्यावर लाल, तापमान कमी. सत्तावीस. मला वाटलं लाइट गेली. बघतेय तोवर पंचवीस. चोवीस. एवढ्या भराभर पाणी गार होतच नाही! वायर पाण्याबाहेर आल्याशिवाय होत नाही. मी कॅमेरा उघडला.

पाणी अर्ध्यावर. आणि एक हात. हिरव्या बांगड्यांचा, बादली धरलेला हात आत येतोय, भरतोय, जातोय. परत येतोय. मला त्या बांगड्या माहितीयेत. गोजराआत्या.

मी आईला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. काकूचा बंद. आत्याकडे फोनच नाही. शेजारी पद्मावती आंटी, त्याही तिथेच आत धुवायला असणार. मी बाबांचा हात धरला, म्हटलं, बाबा, टाकी, टाकी रिकामी करतायत. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी कोणत्या भाषेत बोलतेय. "आत्ता?" एवढंच म्हणाले. त्यांच्या समोर काका होते, त्यांचा काय दोष.

मी पळाले. रस्त्यावर ऑटो धरली, बेगा होगी, बेगा, लवकर चल म्हणून ओरडतेय, आणि हातात फोन. ऑटोत बसून मी बघतेय की नळी आली. टाकीत नळाचं पाणी सुटलं, जोरात, फेसच फेस. दोन्ही मासे तळाशी, थोड्याशा पाण्यात आडवे पडलेले, वरून धार. मग हळूहळू पाणी भरलं. मासे वर आले. आणि शेवटी तो हात परत आला आणि त्याने अलगद, अगदी देवाला वाहावं तसं, एक तुळशीचं पान सोडलं पाण्यावर.

मी त्या फोनमधून खाणं टाकू शकत होते. हीटर चालू करू शकत होते. एवढं सगळं जोडलेलं माझं मी. पण तो हात थांबवायचं बटण नव्हतं ना त्यात.

घरी पोचले तर दारात बायका. "अगं अंघोळ! स्मशानातनं आलीस, अशी कशी आत येतीस?" मी म्हणतेय सोडा मला, मासे, आणि त्या म्हणतायत डोक्याला लागलंय पोरीच्या, धरा. पद्मावती आंटींनी अक्षरशः दंड धरून मागच्या मोरीवर नेलं आणि डोक्यावरून पाणी ओतलं. आणि तिथे मोरीशेजारी तो निळा ड्रम आडवा. रिकामा. त्यात मुरवलेलं पाणी होतं, तेवढं असतं तरी मी बादल्यांत घालून मासे त्यात सोडले असते. तो पण ओतलेला. मी तशीच, कपड्यांतून पाणी गळतंय, आत गेले.

पुढच्या खोलीत फरशी धुतलेली, चकचकीत. टाकी काचेसारखी स्वच्छ. इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. आणि गोजराआत्या समोर, पदर खोचलेला, दमलेली, आणि चेहऱ्यावर, कसं सांगू, काम नीट झाल्याचं समाधान.

"बघ गे," म्हणाली, "सगळं काढलं. शिळं झालतं पाणी. माझ्या भावाची एवढी हौस, त्याची मासळी मयताच्या पाण्यात कशी ठेवू? मरू नयेत म्हणून तळाला थोडं ठेवलं बघ मी, मग वरनं भरलं."

तिला त्यांना वाचवायचं होतं, कळतंय का तुम्हाला?

मी म्हटलं, "आत्या, पिल्लं?"

"कसली पिल्लं?"

"बारीक. काळी काळी. त्यांच्या अंगावर."

"ती घाण होय गे? बारीक बारीक तरंगालती. किती काढली ती, बादलीनं काढली, जाईचना."

 मी टाकीची कड धरून आत बघितलं. मासे वरच्या कोपऱ्यात, फिल्टरपाशी, तोंड वर करून हवा ओढत होते. अंगावर तो लाल-निळा रंगच नव्हता, काळे पडले होते. मग एक आडवा झाला. सरळ झाला, परत आडवा. हीटर आपलं काम करत होता बिचारा, लाल दिवा लावून. माझ्याकडे एक थेंब पाणी नव्हतं त्यांना द्यायला. अख्ख्या घरात नवीन, ताजं, स्वच्छ पाणी भरून ठेवलेलं, आणि त्यातलं एक थेंब चालणार नव्हतं.

गोजराआत्या जवळ आली. वाकून बघितलं. "का गे असं करालीत? ए हर्षू. काय झालं त्यांना?"

आणि माझ्या तोंडात होतं. अगदी ओठांवर. फोन माझ्या हातात होता, त्यात सगळा आलेख, कधी पाणी उतरलं, कधी गार झालं. मी फोन वर करतच होते.

तेवढ्यात काकू बाहेर आली. तिला आतल्या खोलीत कोपऱ्यात बसवलेलं. तिने उठायचं नसतं त्या दिवशी, पण ती आली, भिंतीला धरत. कपाळ मोकळं. आधी टाकीकडे बघितलं. तिला सगळं कळतं त्या टाकीतलं, इतकी वर्षं काकांबरोबर पाणी बदललंय तिने. पाण्याकडे बघितलं, त्या तुळशीच्या पानाकडे, मागच्या दारातून दिसणाऱ्या आडव्या ड्रमकडे. मग आत्याच्या खोचलेल्या पदराकडे, भिजलेल्या हातांकडे. मला वाटलं आता ही ओरडणार. सकाळपासून ओरडली नव्हती, आता ओरडणार.

काकूने माझ्या मनगटाला धरून फोन खाली केला. आणि आत्याला म्हणाली,

"अक्का, ते ह्यांच्या मागे निघालेत."

गोजराआत्या बघतच राहिली तिच्याकडे.

"ह्यांच्याशिवाय राहायचे नाहीत ते. ह्यांच्या हातचं खायची सवय. मला वाटलंच होतं. तुम्ही बसा अक्का, सकाळपासून उभ्या आहात."

आणि गोजराआत्या, जी आल्यापासून एकदाच रडली होती, ती खाली बसली आणि जी रडली. "माझ्या सोन्या, मुक्या जिवांना पण लळा लावलास रे," म्हणून काचेवर हात फिरवत रडली. काकू तिच्या पाठीवर हात फिरवत होती. म्हणजे बघा, नवरा हिचा गेला, आणि सांत्वन ही करतेय. आणि त्या दोघींच्या डोक्यावर ते दोन मासे.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गेले.

नंतर मी काकूला गाठलं, आतल्या खोलीत. म्हटलं, का? म्हटलं, काकू, मी ते लावून दिलेलं, तू देव सरकवलेस, काका शेवटपर्यंत तेच बघत होते, आणि ती म्हणते घाण. मला फार राग आला होता, मी काकूवरच ओरडले.

काकूने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हर्षी, तिने त्यांना कडेवर वाढवलं. आज सकाळी तिने भाऊ दाराबाहेर काढून दिला. वर आणि हे पण तिच्याच हातनं झालं म्हणून सांगू? कशी जगेल गं ती?"

"आणि पिल्लं?"

 ती साडीचा काठ बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "त्यांनी बघितली ना? लागलेली बघितली. सरी, ठीकाय. मग झालं." आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आणि त्यानंतर ती जी रडली ते मी दाराबाहेरून ऐकलं, आत गेले नाही.

बाबांनाही सांगितलं नाही मी अजून. म्हणून तुम्हाला सांगतेय. घरात कुणापाशी बोलता येत नाही ना.

आणि खरं तर मला हे सांगायचं होतं, जे परवा झालं. सुतकाचे दिवस संपेपर्यंत लोक भेटायला येत होते. आत्या बैठकीत बसायची आणि येणाऱ्या प्रत्येकाला माशांची गोष्ट सांगायची. रोज थोडी थोडी वाढत गेली ती. आधी नुसते मेले होते. मग काकांना उचललं त्याच क्षणी त्यांनी अन्नपाणी सोडलं. मग रंग काळा केला, सुतक धरल्यासारखा. लोक हात जोडायचे. गल्लीतली गंगव्वा अज्जी तर रिकाम्या टाकीला नमस्कार करून गेली. आणि हे सांगताना आत्याच्या अंगात बळ यायचं, खरंच. जेवायची त्यानंतर थोडं.

परवा दुकानाच्या वेळचे काकांचे दोस्त आले होते. चिकपेटेतले, चार-पाच जण. मी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आले. आत्याची गोष्ट चालू होती. त्यातले एक म्हणाले, "असं कुठं असतं का अक्का? मासा तो. त्याला काय कळतंय?"

 आत्या एकदम म्हातारी दिसली. मग तिने मला बघितलं.

"ही होती की समोर. हर्षू, तूच सांग गे यांना. त्यांची तोंडं कुणीकडं होती शेवटाला?"

आतल्या दारात काकू उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली बघत होती.  फिल्टरच्या कोपऱ्यात होती त्यांची तोंडं. वर, हवेसाठी, उघडी.

"दाराकडे," मी म्हटलं. "काकांना नेलं त्या दाराकडे तोंड करून होते दोघंही. मी बघितलंय."